नाताळची गृहसजावट (पालघर जिल्हा)

नाताळची गृहसजावट म्हणजे येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवानिमित्त, म्हणजेच २५ डिसेंबरच्या नाताळ सणासाठी, घराच्या आत व बाहेर केली जाणारी आरास होय. महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यात वसई परिसरातील मराठी भाषक ख्रिस्ती समाजामध्ये या सजावटीची जुनी परंपरा आहे. गोठा, तारा, नाताळवृक्ष, पुष्पचक्र व दिव्यांच्या माळा हे तिचे मुख्य घटक आहेत. बोईसर, तारापूर, सालवड या औद्योगिक पट्ट्यात नोकरीनिमित्त आलेली अनेक कुटुंबे भाड्याच्या किंवा लहान सदनिकांमध्ये राहतात. वाडवडिलांच्या घरातील तयार साहित्य व जाणती माणसे हाताशी नसल्याने अशा कुटुंबांना सजावटीची सुरुवात नव्याने करावी लागते. मात्र या सजावटीला लागणारी बहुतेक कौशल्ये, म्हणजे किल्ला रचणे, धान्य रुजवणे व आकाशकंदील बांधणे, मराठी घरांत दिवाळी व नवरात्राच्या निमित्ताने पूर्वीपासून परिचित आहेत.

शब्दविचार

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’ या शब्दावरून मराठीत आला. त्याचे मूळ ‘जन्मासंबंधी’ असा अर्थ असणाऱ्या लॅटिन ‘नातालिस’ या शब्दात आहे. येशूजन्माच्या देखाव्याला मराठीत ‘गोठा’ किंवा ‘नाताळ गोठा’ म्हणतात. कोकणीत त्यालाच ‘गोठो’ असे म्हटले जाते. गुरांना वैरण घालण्याच्या जागेसाठी मराठीत असलेला ‘गव्हाण’ हा शब्द शुभवर्तमानातील वर्णनाला नेमका लागू पडतो, कारण लूकच्या शुभवर्तमानानुसार नवजात येशूला गव्हाणीत ठेवले होते. दारावर लावल्या जाणाऱ्या कागदी ताऱ्याला ‘चांदणी’ किंवा बोलीभाषेत ‘स्टार’ असे म्हणतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गोठ्याचा उगम

येशूजन्माचा देखावा उभारण्याच्या प्रथेचे श्रेय परंपरेने असिसीचे संत फ्रान्सिस यांना दिले जाते. त्यांनी इ.स. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो या गावी गवत, गव्हाण, बैल व गाढव यांच्या साहाय्याने हा प्रसंग उभा केला. सामान्य माणसाला येशूचा जन्म किती गरिबीत झाला हे डोळ्यांनी पाहता यावे, हा त्यामागचा हेतू होता. पुढे ही प्रथा चर्चमधून घरांत आली. अठराव्या शतकात इटलीतील नेपल्स येथील गोठ्यांमध्ये बाजार, दुकाने व कारागीर असे तेथील दैनंदिन जीवनही दाखवले जाऊ लागले.

बैल आणि गाढव यांचा उल्लेख शुभवर्तमानातील जन्मकथेत नाही. जुन्या करारातील यशया या ग्रंथातील एका वचनाच्या आधारे ते या देखाव्यात आले, असे मानले जाते. तसेच पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांची संख्या मत्तयच्या शुभवर्तमानात दिलेली नाही. सोने, ऊद व गंधरस या तीन भेटींवरून ‘तीन राजे’ ही कल्पना रूढ झाली.

पालघर परिसर

डिसेंबर १५३४ च्या तहान्वये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली. त्यानंतर सुमारे दोन शतके उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर त्यांचा अंमल राहिला. सालवडपासून जवळ असलेल्या तारापूर येथील किल्लाही त्यांच्या ताब्यात होता. चिमाजी अप्पा यांच्या मोहिमेत १७३९ साली तारापूर व वसई मराठ्यांनी जिंकून घेतली. राजवट बदलली तरी वसई परिसरातील ख्रिस्ती समाज तेथेच राहिला. त्याची बोली, शेतीवाडी आणि पोशाख स्थानिकच होते. त्यामुळे पोर्तुगीज काळात आलेल्या सणाला या भूमीतील साहित्याचे व हस्तकौशल्याचे रूप लाभले.

२२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण करण्यात आला, तर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तारापूर औद्योगिक वसाहत व १९६९ साली सुरू झालेले तारापूर अणुऊर्जा केंद्र यांमुळे बोईसर परिसरात देशाच्या अनेक भागांतून लोक आले. २०१३ मध्ये उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत वाढल्याने बोईसर हे वसई, विरार व मुंबईशी अधिक निकट जोडले गेले. परिणामी वसईची गोठ्याची परंपरा आणि मुंबईच्या महात्मा जोतिबा फुले मंडईतील (क्रॉफर्ड मार्केट) तयार साहित्य, दोन्ही या पट्ट्यातील घरांच्या आवाक्यात आली आहेत.

सजावटीचा काळ

नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळाला ‘आगमन काळ’ म्हणतात. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. धार्मिक दृष्टीने हा प्रतीक्षेचा व आत्मपरीक्षणाचा काळ असल्याने परंपरेने सजावट एकदम न करता टप्प्याटप्प्याने केली जाते. या काळाच्या आरंभी पुष्पचक्र मांडतात, डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तारा लावतात आणि तिसऱ्या आठवड्यात गोठा उभारतात. २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवली जाते. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर किंवा मध्यरात्रीच्या सुमारास बाळ येशूची मूर्ती तिच्यात ठेवतात. अनेक घरांत हा मान सर्वांत लहान मुलाला दिला जातो.

तीन राजांच्या मूर्ती काही घरांत प्रथम गोठ्यापासून दूर ठेवून रोज थोड्या पुढे सरकवतात. ६ जानेवारीच्या प्रभुप्रकटनाच्या सणाला त्या गोठ्यापर्यंत पोहोचतात. भारतात हा सण बहुधा लगतच्या रविवारी साजरा होतो. त्यानंतर सजावट उतरवली जाते.

सजावटीचे घटक

गोठा

कॅथलिक घरांत गोठा हा सजावटीचा केंद्रबिंदू असतो. बाळ येशू, पवित्र मरिया, संत योसेफ, मेंढपाळ, मेंढ्या, बैल, गाढव, देवदूत व तीन राजे या त्यातील नेहमीच्या मूर्ती होत. वसई परिसरातील गोठ्यांत यांच्या जोडीला विहीर व रहाट, बैलगाडी, केळीची बाग, भातखाचरे असे स्थानिक जीवनाचे देखावे आढळतात. काही ठिकाणी गावातील तरुण मंडळे मोठे सार्वजनिक गोठे उभारतात आणि गोठ्यांच्या स्पर्धाही होतात.

छप्परासाठी भाताचा पेंढा, ताडाची पाने किंवा नारळाच्या झावळ्या वापरतात. भातकापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होत असल्याने डिसेंबरात नवा, सुका पेंढा मिळतो. खांबांसाठी बांबूच्या कामट्या किंवा सुक्या फांद्या पुरतात. डोंगर करण्यासाठी जुने कागद चुरगळून मैद्याच्या खळीत भिजवतात व खोक्यांवर थापून वाळवतात. नंतर गेरू किंवा मातीचा रंग देतात. पायवाटेसाठी वाळू किंवा लाकडाचा भुसा आणि तळ्यासाठी आरशाचा तुकडा वापरण्याची पद्धत जुनी आहे. दिवाळीत मुले जो मातीचा किल्ला करतात, त्याच्याशी या रचनेचे साम्य स्पष्ट दिसते.

शेताचा भास निर्माण करण्यासाठी गहू, भात किंवा नाचणी उथळ ताटलीत रुजवतात. गहू रात्रभर भिजवून १४ किंवा १५ डिसेंबरच्या सुमारास ओलसर मातीत दाट पेरल्यास नाताळपर्यंत बोटभर किंवा त्याहून उंच अंकुर येतात. नवरात्रातील घटात धान्य रुजवण्याची पद्धत अशीच आहे. घट अंधाऱ्या जागी असल्यास अंकुर पिवळसर राहतात. गोठ्यासाठी हिरवा रंग हवा असल्याने ताटली खिडकीजवळ ठेवावी लागते. त्याहून लवकर उगवण हवी असल्यास, किल्ल्यावर पेरतात ते अळीव किंवा मोहरी उपयोगी पडते.

तारा

ज्ञानी पुरुषांना मार्ग दाखवणाऱ्या ताऱ्याचे प्रतीक म्हणून दारात किंवा सज्जात प्रकाशित तारा टांगतात. कागदी ताऱ्याचा एक प्रसिद्ध प्रकार जर्मनीतील मोरेव्हियन पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात भूमितीच्या अभ्यासातून निर्माण झाला. महाराष्ट्रात मात्र पाच टोकांचा, बांबूच्या कामट्यांचा तारा अधिक रूढ असून तो आकाशकंदिलाच्याच तंत्राने बांधला जातो.

या ताऱ्यासाठी सारख्या लांबीच्या १० कामट्या आणि ५ आखूड आडकाड्या लागतात. कामटी ६० सेंटीमीटरची असल्यास तिच्या दोन्ही टोकांपासून २३ सेंटीमीटरवर खुणा करतात, कारण इतर कामट्या तिला तेथे छेदतात. पाच कामट्यांचा एक, असे दोन सपाट तारे बांधतात. ते एकमेकांवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने एकत्र बांधतात. नंतर आतल्या पाच छेदबिंदूंवर दोन्ही सांगाड्यांच्या मध्ये सुमारे १२ सेंटीमीटरच्या आडकाड्या बसवतात. त्यामुळे तारा मध्यभागी फुगतो आणि ताणामुळे सांगाडा घट्ट राहतो. शेवटी पुढची व मागची बाजू आणि कडांच्या फटी पतंगी कागदाने झाकतात. वरच्या टोकाची एक कड दिवा आत घालण्यासाठी मोकळी ठेवली जाते.

नाताळवृक्ष

सजवलेल्या वृक्षाची प्रथा सोळाव्या शतकापासून जर्मन भाषक प्रदेशात आढळते. इंग्लंडच्या राजघराण्यातील नाताळवृक्षाचे चित्र १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ती इंग्रजी जगात झपाट्याने पसरली. १८८२ मध्ये न्यू यॉर्क येथे एडवर्ड जॉन्सन यांनी प्रथमच विजेच्या दिव्यांनी वृक्ष सजवला. व्हॅटिकनमधील संत पीटर चौकात नाताळवृक्ष १९८२ पासून उभारला जाऊ लागला. गोठ्याच्या तुलनेत हा घटक कॅथलिक परंपरेत उशिरा आला.

सूचिपर्णी वृक्ष कोकणात नैसर्गिकरीत्या वाढत नसल्याने किनारपट्टीवर सुरूच्या फांद्या नाताळवृक्ष म्हणून वापरल्या जात. चिंचणी व केळवे येथील किनाऱ्यांवर सुरूची बने आहेत. ही बने वारा व वाळू अडवून किनाऱ्याचे रक्षण करतात, त्यामुळे तेथील फांद्या तोडणे योग्य नाही. रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ या नावाने विकले जाणारे रोप बहुधा अरुकेरिया वंशातील असते. ते कुंडीत अनेक वर्षे टिकते आणि दरवर्षी सजवता येते. घरात आधीपासून असलेले कुंडीतील कोणतेही बळकट रोप किंवा सुक्या फांद्यांची जुडीही या कामी चालते.

आगमन काळाचे पुष्पचक्र

हिरव्या पानांच्या चक्रावर चार मेणबत्त्या लावून दर रविवारी एकेक अधिक पेटवण्याची ही प्रथा आहे. तिचा आरंभ हॅम्बुर्ग येथे १८३९ साली योहान हिनरिच विचर्न यांनी केला. त्यांच्या संस्थेतील मुले नाताळ कधी येणार असे वारंवार विचारत, म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून दिवस मोजण्याची सोय केली, असे सांगितले जाते. कॅथलिक प्रथेत तीन मेणबत्त्या जांभळ्या व एक गुलाबी असते. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारी पेटवतात.

दार, खिडकी व फुले

दाराला तोरण, पानाफुलांचे कडे किंवा घंटा लावतात. काही घरांत रांगोळीही काढली जाते. लाल रंगाच्या पानांमुळे पॉइनसेटिया हे मूळचे मेक्सिकोतील रोप नाताळशी जोडले गेले असून डिसेंबरात ते रोपवाटिकांत सहज मिळते. पालघर जिल्ह्यातील वारली चित्रशैलीचा उपयोग गोठ्याच्या पार्श्वभूमीसाठी करता येतो. गेरूच्या रंगाच्या कागदावर पांढऱ्या रेषांनी काढलेली झोपडी, गुरे व झाडे या देखाव्याशी सहज जुळतात.

प्रथमच सजावट करणारे घर

पहिल्या वर्षी सर्व घटक एकदम करण्याचा प्रयत्न केल्यास खर्च वाढतो व काम अपुरे राहते. लहान घरासाठी एक तारा व एक गोठा एवढी सजावट पूर्ण मानली जाते. तारा बाहेरच्या माणसाला सण सांगतो आणि गोठा घरातल्यांना सणाचा अर्थ सांगतो. उरलेले घटक पुढील वर्षांत वाढवता येतात.

गोठ्यासाठी सुमारे ६० × ४५ सेंटीमीटरची पाटी, पुठ्ठा किंवा लहान टेबल पुरेसे असते. मूर्ती आधी घेऊन मग गोठा बांधावा, कारण झोपडीची उंची मूर्तींवर ठरते. उभी मूर्ती १५ सेंटीमीटरची असल्यास छप्पर २५ ते ३० सेंटीमीटरवर असावे. पहिल्या वर्षी बाळ येशू, मरिया व योसेफ या तीनच मूर्ती असल्या तरी देखावा अपुरा वाटत नाही. मेंढपाळ, जनावरे व राजे यांची भर दरवर्षी घालता येते. मूर्ती विकत घेणे शक्य नसल्यास मुलांकडून शाडूच्या किंवा साध्या मातीच्या करवून घेतात.

भाड्याच्या घरात भिंतीला खिळे ठोकण्याची परवानगी बहुधा नसते. अशा वेळी तारा खिडकीच्या जाळीला किंवा सज्जाच्या कठड्याला सुतळीने दोन ठिकाणी बांधतात, म्हणजे वाऱ्याने तो फिरत नाही. माळा पडद्याच्या दांडीवर सोडता येतात. रंगांची निवड दोन किंवा तीन रंगांपुरती ठेवल्यास लहान खोली गजबजलेली वाटत नाही. लाल, हिरवा व सोनेरी हे परंपरेतील रंग होत.

कामाचा साधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो:

- डिसेंबरचा पहिला आठवडा: घराची स्वच्छता, मागील वर्षीचे साहित्य असल्यास त्याची तपासणी, कामट्या व कागद आणणे.
- दुसरा आठवडा: तारा बांधणे व टांगणे, डोंगरासाठी कागद थापून वाळवणे, महिन्याच्या मध्यास धान्य भिजवून पेरणे.
- तिसरा आठवडा: झोपडी उभारणे, मूर्ती मांडणे, वृक्ष असल्यास तो सजवणे.
- २४ डिसेंबर: अंकुरांच्या ताटल्या मांडणे, गव्हाणीत मऊ पेंढा पसरणे व रात्री बाळ येशूची मूर्ती ठेवणे.

सुरक्षितता

पेंढा, कागद व कापूस हे गोठ्यातील साहित्य अत्यंत ज्वलनशील असल्याने गोठ्यात किंवा त्याच्या जवळ मेणबत्ती पेटवणे धोक्याचे आहे. पुष्पचक्रावरील मेणबत्त्या धातूच्या किंवा मातीच्या आधारावर ठेवून प्रार्थनेपुरत्याच पेटवतात आणि खोली सोडताना विझवतात. कागदी ताऱ्यात तारेचा जुना बल्ब वापरल्यास उष्णतेने कागद करपतो. म्हणून कमी वॅटचा एलईडी दिवा वापरावा व तो कागदाला टेकू देऊ नये.

माळेची वायर सोललेली असल्यास ती वापरू नये. एकाच बोर्डावर अनेक माळा जोडल्याने वायर तापते. डिसेंबरात पहाटे दव पडत असल्याने बाहेरील माळांचे जोड झाकलेले असावेत. सजावटीच्या काचेच्या गोळ्या, छोट्या मूर्ती व बटण सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवतात. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेला गंभीर इजा करू शकतो. झोपण्यापूर्वी सर्व माळा बंद करणे हा सर्वांत सोपा व महत्त्वाचा नियम होय.

पर्यावरण व बदलते स्वरूप

गोठ्यातील डोंगर व झोपड्यांसाठी एके काळी थर्माकोलचा मोठ्या प्रमाणात वापर होऊ लागला होता. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल वापराच्या प्लास्टिकवरील बंदीतही सजावटीच्या थर्माकोलचा समावेश आहे. त्यामुळे कागद, पुठ्ठा, बांबू व पेंढा या जुन्या साहित्याकडे पुन्हा वळावे लागले.

याच काळात हे जुने साहित्य दुर्मीळ होत आहे. वसई-विरार परिसरातील भातशेतीची जागा इमारतींनी घेतली. हा बदल रोखण्यासाठी झालेल्या हरित वसई चळवळीचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. पुढे ते ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. शेत गेले की पेंढा, कामट्या व रहाटाची विहीर यांचा घरातील मुलांशी असलेला संबंधही तुटतो. गोठ्यातील ज्या वस्तू पूर्वी अंगणातल्या असत, त्या आता अनेक घरांत आठवणीतल्या झाल्या आहेत. तयार प्लास्टिकचा गोठा वेळ वाचवतो. मात्र घरातील वडीलधाऱ्यांकडून मुलांकडे जाणारे बांधणीचे ज्ञान त्यातून पोहोचत नाही. वसईच्या तुलनेत बोईसर-सालवडच्या पूर्वेकडील गावांत भातशेती अजून टिकून असल्याने तेथे पेंढा मिळणे तुलनेने सोपे आहे.

सजावट उतरवणे

प्रभुप्रकटनाच्या सणानंतर सजावट उतरवताना मूर्ती एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवतात. माळा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळल्यास पुढील वर्षी गुंता होत नाही. ताऱ्याचा कागद काढून सांगाडा कोरड्या जागी टांगून ठेवल्यास तो पुन्हा वापरता येतो. दरवर्षी केवळ कागद बदलावा लागतो. रंग न लावलेला पेंढा व धान्याचे अंकुर गुरांना घालतात किंवा झाडांच्या आळ्यात टाकतात. गव्हाणीतील चिमूटभर पेंढा काही घरांत पुढच्या नाताळपर्यंत जपून ठेवला जातो.

हेही पहा

- नाताळ
- आकाशकंदील
- वसई
- वारली चित्रकला
- असिसीचे संत फ्रान्सिस